टेंबलाईच्या यात्रेचा पांढरा रस्सा

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बरोबर नवव्या दिवशी आमच्या गल्लीची टेंबलाईची यात्रा आली. महिनाभर गॅसजवळ जायचं नाही, वाफ नको, धूर नको, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आईनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझा दंड धरून म्हणाली, "मग यात्रंचा रस्सा कोण करणार?"

आमच्या घरात कामं वाटलेली आहेत. तांबडा रस्सा आणि सुकं मटण बायको करते आणि उत्तम करते. भाकरी दोघी मिळून. पांढरा मात्र आईनं आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. कधी विचारलंच तर म्हणायची, तांबड्यात चटणी सगळं झाकून घेते, पांढऱ्यात लपवायला जागाच नाही. यंदा बायकोनं आधीच सांगून टाकलं, "आई, मी भाकरी, तांबडा, सुकं सगळं बघते. पांढरा ह्यांना करू द्या, तुम्ही उंबऱ्यात बसून सांगा." आणि तसंच ठरलं.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं, की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्ली टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोली देवीची यात्रा निघते. नदीचं नवं पाणी घागरीत भरायचं, डोक्यावर घेऊन टेकडीवर जायचं आणि देवळाच्या पायरीवर ओतायचं. पुढं पी ढबाक वाजत असतं. त्या वाद्याचं नाव त्याच्या आवाजावरूनच पडलंय, एकदा ऐकलं की विसरत नाही. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी हिच्याच भेटीला येते आणि तिथं कोहळा फुटतो. पण तो सोहळा साऱ्या गावाचा. आषाढातली यात्रा गल्लीची. देवीला नारळ, नैवेद्य झाला, की घरोघरी मटण शिजतं. मागोमाग श्रावण येतो आणि बऱ्याच घरांत महिनाभर मटण बंद होतं. त्यामुळं या जेवणाला फार किंमत आहे.

आमच्याकडं वर्गणी काढून बकरी आणतात आणि तालमीच्या दारात ताडपत्रीवर वाटे पडतात. वाटा म्हणजे नुसतं वजन नव्हे. प्रत्येकात थोडी नळी, थोडी चाप, सीन्याचा तुकडा, काळजाची एक फोड आणि चरबी आली पाहिजे. वाटे घालणारे म्हातारे कारभारी एका ढिगातला तुकडा उचलून दुसऱ्यात टाकतात, मागं सरून बघतात, परत एक उचलतात. मटण हा आमच्या गावाचा जिव्हाळ्याचा विषय. 2019 च्या अखेरीला मटणाचे दर चढले तेव्हा लोकांनी त्यासाठी आंदोलन केलं होतं. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

नारळाचं काम मी आदल्या रात्रीच काढलं. दोन मोठे नारळ फोडले, खोबरं सोडवलं आणि खवायला बसणार तोच आई म्हणाली, "पाठ काढ." खोबऱ्याची ती तपकिरी पाठ. प्रत्येक कवडीची पाठ सुरीनं तासून काढायची, एक रेघसुद्धा राहता कामा नये. दोन नारळांना मला पाऊण तास लागला. आई पूर्वी असं करत नव्हती. हे तीन वर्षांपासूनचं.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं रश्शाची वाटी हातात घेतली आणि म्हणाली, "पिवळा आलाय." आम्ही सगळ्यांनी सांगितलं, नाही आई, पांढराच आहे. तिला पटलं नाही. पुढच्या खेपेला तिनं खसखशीचं दुकान बदललं. नंतर खोबऱ्याची पाठ काढायला लागली. मग तिला वाटलं पातेलं जुनं झालंय, म्हणून नवं स्टीलचं जाड बुडाचं आणलं. शेवटी मटण उकडताना घालायची चिमूटभर हळदही तिनं बंद केली. ती हळद आजीच्या काळापासूनची. तिच्यानं मटणाचा उग्र वास मरतो आणि नारळाचं दूध पडल्यावर तिचा रंग दिसतही नाही. हळद सोडल्यावर रस्सा चवीला किंचित वेगळा लागायला लागला, पण तिच्यापुढं कुणी बोललं नाही. आणि तरीही प्रत्येक सणाला ती वाटी उजेडाकडं धरायची आणि गप्प बसायची. पै-पाहुणे वाटीवर वाटी मागायचे, आई मात्र स्वतःला रस्सा वाढून घेईनाशी झाली. मला ते फार लागायचं.

यात्रेच्या मंगळवारी सकाळी बायको आणि लेक घागर घेऊन गल्लीबरोबर टेकडीवर गेल्या. मी घरी थांबलो. दहाच्या सुमाराला वाटा आला, दीड किलोचा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसली, डोळ्याला काळा गॉगल. त्या गॉगलमधून तिला माझी नुसती आकृती दिसत होती. म्हणाली, "मी बघत न्हाई, ऐकतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी ऐकतो' असंच बोलतात.

मटण दोन पाण्यांतून धुतलं. आलं-लसणाचं वाटण आणि थोडं मीठ चोळून अर्धा तास ठेवलं. मीठ मुद्दाम कमी. या पहिल्या उकडीला आमच्याकडं अळणी म्हणतात ते यामुळंच. पुढं याच अळणीतून दोन्ही रस्से होतात आणि दोन्हीकडं ती आटणार असते. आधीच मीठ पुरतं घातलं, तर शेवटी खारट झाल्यावर काही करता येत नाही.

पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात दोन कांदे उभे चिरून. "लाल करू नगोस," आई. कांदा नुसता मऊ पडू द्यायचा. मग मटण घातलं आणि मोठ्या आचेवर परतलं. सुरुवातीला चर्र आवाज आला, चार-पाच मिनिटांत मटणाला पाणी सुटलं आणि आवाज बुडबुड असा खाली गेला. मी गरम पाणी ओतायला घेतलं तशी बाहेरून हाक आली, "थांब. त्येचं पाणी त्येच्यातच आटू दे. परत चर्र वाजलं की मग घाल." मी थांबलो. सात-आठ मिनिटांनी आवाज पुन्हा कोरडा झाला, वासही बदलला. कच्चा, ओला वास जाऊन भाजल्यासारखा गोडसर वास यायला लागला. तेव्हा तिनं पाणी घालू दिलं. आई कुकर का वापरत नाही ते मला इथं उमगलं. कुकरचं झाकण एकदा लागलं की आतला आवाज कळत नाही.

वर झाकण म्हणून पितळेचं खोलगट ताट ठेवलं आणि त्यात पाणी ओतलं. खालच्या वाफेनं ते तापत राहतं. पातेल्यातलं कमी झालं, की ताटातलंच गरम पाणी आत सोडायचं आणि ताटात परत गार भरायचं. उकळत्या मटणात गार पाणी पडलं, की उकळी मोडते आणि मटण शिजायला वेळ लावतं. असं करत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आत गेलं.

पहिल्या उकळीला वर राखाडी फेस आला. तो झाऱ्यानं काढत बसलो, दहा मिनिटं तरी. हा फेस राहिला तर अळणी गढूळ होते, आणि गढूळ अळणीचा रस्सा कितीही दूध घातलं तरी पांढरा दिसत नाही. मग आच अगदी बारीक केली. नळीतलं, सांध्यांतलं चिवट सगळं विरघळून पाण्यात उतरायला वेळ द्यावा लागतो. त्यानंच रश्शाला अंग येतं आणि ओठाला ओठ चिकटतात. आच मोठी ठेवली तर पाणी आटतं, चरबी फेसाळून पाण्यात मिसळते आणि रस्सा तेलकट होतो. दोन तास मी स्वयंपाकघरातून हललो नाही. आई मधेच विचारायची, "वाफ सरळ चाललीया का वाकडी?" ताटाच्या एकाच कडेनं जोरात वाफ जायला लागली की आत उकळी मोठी झाली असं समजायचं. मी बघितलं की खरंच तसं असायचं.

बाराच्या पुढं पी ढबाक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं. लेक धावत आली, पाय चिखलानं भरलेले, केस भिजलेले. आईनं आधी तिला अळणी द्यायला सांगितली. वाटीत पळीभर अळणी, वर मीठ आणि मिऱ्याची पूड. पावसात भिजून आलेलं मूल, बाळंतीण, तापातून उठलेला माणूस, या सगळ्यांसाठी आमच्याकडं हेच. तालमीत जाणाऱ्या पोरांच्या घरी तर मटण शिजलं, की पहिली वाटी त्याचीच. लेकीनं दोन्ही हातांनी वाटी धरून फुंकत फुंकत संपवली आणि अजून मागितली.

मटणाचा तुकडा बोटानं दाबल्यावर मऊ लागला तसं सगळं गाळून घेतलं. तुकडे बायकोच्या पातेल्यात गेले. अळणी दोन भाग केली, एक तांबड्याला, एक पांढऱ्याला, दीड-दीड लिटर. बायकोनं कांदा-लसूण चटणीची फोडणी दिली आणि तिच्या बाजूचं पातेलं पाच मिनिटांत लालभडक झालं. माझं खरं काम अजून पुढंच होतं.

नारळाचं दूध दोनदा काढलं. पहिलं घट्ट, कोमट पाण्याच्या जेमतेम एका वाटीत. तोच चोथा परत फिरवून दुसरं पातळ, दोन वाट्या. दोन्ही फडक्यातून पिळून वेगवेगळी ठेवली. वाटणाला दोन चमचे खसखस, एक चमचा पांढरे तीळ आणि पंधरा काजू, रात्रभर भिजवलेले. हे मिक्सरवर फिरवलं, आईनं चिमटीत घेऊन बघितलं, म्हणाली, "कण लागत्यात." परत फिरवलं. परत तेच. चौथ्या वेळेला ती काही बोलली नाही. कण राहिले तर रस्सा खाली बसतो, वाटीच्या तळाशी चोथा आणि वर पाणी. वाटण गंधासारखं झालं तरच ते रश्शात तरंगत राहतं.

पातेल्यात तूप. त्यात दोन तमालपत्रं, दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, चार वेलदोडे, दहा-बारा मिरे, थोडं जिरं आणि चिरा दिलेल्या चार हिरव्या मिरच्या. पांढऱ्या रश्शाचा तिखटपणा मिरी-मिरचीचाच, लाल चटणीचा एक कण यात चालत नाही. बायकोची पळी चुकून या पातेल्यात पडू नये म्हणून आईनं माझी पळी आधीच वेगळी काढून ठेवली होती. मग वाटण घातलं आणि बारीक आचेवर परतत राहिलो. रंग बदलू द्यायचा नाही, पण कच्चा वास गेला पाहिजे. खसखशीचा वास आधी मातकट येतो, मग दुधाळ, मग एका क्षणी भाजल्या शेंगदाण्याच्या जवळ जायला लागतो. "आता," आई म्हणाली. ती तिथं दहा फुटांवर बसली होती. मी पातळ दूध ओतलं.

आता घट्ट दूध आणि अळणी एकत्र आणायची होती. या टप्प्याची मला मनापासून भीती होती, कारण मी एकदा इथंच हरलो होतो. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात खोलीवर राहत असताना दिवाळीत जाता आलं नाही म्हणून मित्रांना पांढरा रस्सा करून घालायचं ठरवलं. दूध ओतलं, झाकण ठेवलं आणि आच मोठी करून भाकऱ्या आणायला खाली गेलो. वर आलो तर पातेल्यात दह्यासारखे कण, मध्ये पाणी आणि वर तेलाचा तवंग. रस्सा फुटला होता. ते मटण सगळ्यांनी काही न बोलता खाल्लं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पुढं कळलं की नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, आणि त्या थेंबांना प्रथिनांचं पातळ वेष्टण. साधारण 80 अंशांच्या पुढं ती प्रथिनं आकसायला लागतात, वेष्टण सुटतं, थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल वर येतं. आंबट पडलं तर आणखी लवकर, मिठानंही घाई होते. म्हणूनच आई मीठ शेवटी घालते आणि लिंबू पातेल्यात कधीच पिळत नाही, ताटात ठेवते. काजू-खसखशीचं बारीक वाटण त्या थेंबांना सावरून धरतं. आणि सतत हलवत राहिलं की बूड तापत नाही, ऊन सगळीकडं सारखं जातं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पण तिच्या प्रत्येक सूचनेमागं हेच आहे.

तिनं सांगितलं तसं आधी अळणीची एक पळी घट्ट दुधात घातली, हलवली, मग दुसरी, मग तिसरी. असं दूध कोमट करून घेतलं. मग गॅस बारीक करून दुधाची धार पातेल्यात, दुसऱ्या हातानं पळी एकाच दिशेनं. उरलेली अळणीही तशीच. झाकण नाही. "हात थांबवायचा न्हाई. कोण हाक मारू दे, दारात कोण येऊ दे."

पंधरा मिनिटं हलवत होतो. दंड भरून आला. पातेल्याच्या कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ आली, मधला भाग शांत. मला वाटलं अजून वेळ आहे. माझ्या पळीचा वेग जरा मंदावला असेल, तेवढ्यात आई खुर्चीतून अर्धी उठून ओरडली, "वढ! पातेलं वढ!" मी विचार न करता पातेलं शेगडीवरून बाजूला ओढलं. रस्सा एकदम कडेपर्यंत फुगून आला, एक क्षण तिथंच थांबला आणि हळूहळू खाली बसला. मी पळी फिरवत राहिलो आणि वाकून बघितलं. कण नव्हता. तवंग नव्हता. पळीच्या पाठीवर रश्शाचा पातळ थर धरला होता आणि त्यावर बोट ओढलं तर रेघ तशीच राहत होती.

तिनं काय ऐकलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "उकळी यायच्या आधी बुडबुड बंद पडती. गप्प झालं की उचलायचं." मला तो आवाज बंद झालेला कळलाच नव्हता. तिनं तो दहा फुटांवरून, गल्लीत पी ढबाक वाजत असताना ऐकला होता.

मग मीठ घातलं, दोनदा चव घेऊन. देवीचा नैवेद्य निघाला. दुपारी दोनला पहिली पंगत बसली. भाऊ, वहिनी, आत्या, शेजारचे दोघं. ताटात ज्वारीची भाकरी, सुकं, कांदा, लिंबू, एका वाटीत तांबडा आणि एका वाटीत पांढरा. पांढरा आधी नुसता प्यायचा, भाकरीबरोबर नंतर. आत्यानं पहिली वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाली, "पांढरा वाढ गं." वाढपी दोनदा पातेल्याकडं आला तेव्हा मला खात्री वाटली.

आई शेवटच्या पंगतीला बसली. खिडकीशेजारी, जिथं ती नेहमी बसते. तिच्या ताटात पांढरा वाढू की नको असं बायकोनं मला खुणेनं विचारलं. मी वाढला. आईनं वाटी उचलली, सवयीनं उजेडाकडं धरली आणि मग गॉगल कपाळावर सरकवला.

बराच वेळ ती वाटीकडं बघत राहिली. मग डाव्या हाताच्या तळव्यानं उजवा डोळा झाकला, जो नवीन केलाय तो. डाव्या डोळ्यानं बघितलं. हात काढला, डावा झाकला, उजव्यानं बघितलं. परत उजवा झाकला. आम्ही सगळे जेवायचं थांबलो होतो.

"ह्या डोळ्यानं पिवळा हाय," ती म्हणाली. "आणि ह्येनं पांढरा."

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यातल्या भिंगाला पिवळटपणा येतो आणि माणसाला त्यातूनच सगळं दिसतं. ते ऐकताना माझ्या डोक्यात रश्शाचा विचारही आला नव्हता. कुणाच्याच नाही. तीन वर्षं ती खोबऱ्याची पाठ तासत होती, खसखस परत करत होती.

तिनं वाटी तोंडाला लावली, अर्धी संपवली, खाली ठेवली आणि बायकोकडं वळून म्हणाली, "म्हंजे हळद चालली असती की गं. चिमूटभर घालायची हुती."

"पुढच्या वेळी घालू, आई," बायको म्हणाली.

आईनं उरलेला रस्सा संपवला, वाटी माझ्यापुढं सरकवली आणि मी वाढत असताना विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हणाले डॉक्टर? दसऱ्याच्या आत हुईल न्हवं?"